सोलापुरातील एक मैफल : ९ सप्टेंबर १९३८

गावाची स्मृती आणि गावाचा इतिहास एकाच घरात नांदत असले, तरी त्यांचे नेहमीच पटते असे नाही. स्मृतीला माणसे प्रिय असतात. इतिहासाला तारखा लागतात. सोलापूर शहराने अभिमानाने जपलेली एका मैफलीची आठवण या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. ९ सप्टेंबर १९३८ रोजी तेथील नूतन संगीत थिएटरमध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे गायन झाले आणि त्यांच्या साथीने त्यांची थोरली कन्या लता हिने रसिकांसमोर प्रथमच रागदारी गायिली. तिला नऊ वर्षे पूर्ण होण्यास त्या दिवशी अजून एकोणीस दिवसांचा अवकाश होता.

बीदर-कलबुर्गीकडच्या मराठी माणसाला सोलापूर कधीच परके वाटले नाही. १८७१ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूर, गुलबर्गा, वाडी करीत रायचूरपर्यंत पोहोचला आणि या भागाला मुंबई-पुण्याकडे जाणारी वाट सोलापूरवरूनच मिळाली. सोलापूर ब्रिटिश मुलखात, तर गुलबर्गा आणि बीदर निजामाच्या राज्यात, अशी सरहद्द मध्ये होती खरी. पण कापड, धान्य, सोयरिकी, पुस्तके आणि वर्तमानपत्रे यांनी ती फारशी जुमानली नाही. १९५६ साली भाषावार राज्यरचना होऊन बीदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, तरी हा जुना ओढा ओसरला नाही.

हे शहर वाढले ते गिरण्यांवर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची, लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’ उभी राहिली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या. हातमागावर बसणारे तेलुगू पद्मशाली, कन्नड बोलणारे लिंगायत, उर्दू बोलणारे मुसलमान आणि आजूबाजूच्या दुष्काळी खेड्यांतून आलेले मराठी कुणबी अशी चार भाषांची वस्ती भोंग्याच्या ठोक्यावर उठत-झोपत होती. मे १९३० मध्ये या शहराने मार्शल लॉ अनुभवला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे हे त्याचे चार सुपुत्र येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. असे हे शहर गाण्याचेही वेडे होते. पगाराच्या दिवशी हातात रोकड पडणारा आणि तिकीट काढून नाटकाला बसणारा प्रेक्षक येथे होता. त्यामुळे संगीत नाटक मंडळ्यांना सोलापूरचा मुक्काम टाळता येण्यासारखा नव्हता.

मास्टर दीनानाथ हे या रसिकांना चांगले परिचित होते. २९ डिसेंबर १९०० रोजी जन्मलेले, मूळचे गोव्यातील मंगेशीचे हे गायक नट, रामकृष्णबुवा वझे यांचे शिष्य. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. ‘मानापमान’मधील त्यांचा धैर्यधर, तसेच ‘रणदुंदुभि’ आणि सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ या नाटकांतील त्यांची पदे यांनी त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्यांची तान वेगवान आणि अनपेक्षित वळणाची. ऐकणाऱ्याला दम लागावा, पण गाणाऱ्याला लागू नये, अशी.

परंतु १९३८ चे दीनानाथ वैभवाच्या शिखरावरचे राहिले नव्हते. १९३१ साली बोलपट आला, १९३२ मध्ये तो मराठीत बोलू लागला, आणि काही वर्षांतच मोठमोठ्या नाटक मंडळ्यांचे संसार मोडू लागले. ज्या थिएटरांत पदांना ‘वन्समोअर’ मिळत, त्यांतच पडदे टांगले गेले. दीनानाथांनी स्वतः चित्रपटनिर्मितीचा प्रयत्न केला, तो त्यांना फळला नाही. बळवंत मंडळीचे दिवस सरले, आणि पन्नास माणसांचा पसारा घेऊन गावोगाव फिरलेल्या या कलावंताला आता तंबोऱ्यावर बसून गाण्याच्या बैठकीचा आधार घ्यावा लागला. सोलापूरची ती मैफल या पडत्या काळातील होती, हे विसरता कामा नये.

त्या कार्यक्रमाविषयी लताबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितलेली हकीकत साधी आहे. वडिलांचे गाणे ठरले तेव्हा आपणही गाणार, असा हट्ट तिने धरला. कोणता राग गाशील, असे वडिलांनी विचारता तिने खंबावतीचे नाव सांगितले. मुलीची तयारी वडिलांना ठाऊक होती; त्यांनी होकार दिला. जाहिरातीसाठी छायाचित्र काढण्यात आले. प्रत्यक्ष कार्यक्रमात आधी मुलगी गायिली आणि मग वडील गाऊ लागले. त्यांचे गाणे रंगत असताना ती तेथेच त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली. वडिलांच्या मंडळीच्या नाटकात लहानशी भूमिका निभावल्याची आठवणही त्या सांगत. परंतु रागदारीची जाहीर मैफल म्हणून पहिलेपणाचा मान सोलापूरकडेच जातो.

पुढे काय झाले ते सर्वांना विदित आहे. २४ एप्रिल १९४२ रोजी मास्टर दीनानाथ पुण्यात निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे एक्केचाळीस होते. बारा वर्षांच्या मुलीवर घराचा भार आला. १९४९ च्या ‘महल’नंतर तिचा आवाज देशभर पोहोचला. त्या मैफलीची आठवण सांगणाऱ्यांच्या तोंडी मग हळूहळू एक बदल झाला. दीनानाथांचे गाणे मागे सरले आणि ‘लताचे पहिले गाणे’ पुढे आले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाईंचे निधन झाले, तेव्हाही सोलापूरच्या आठवणीचे मध्यस्थान त्या लहान मुलीलाच मिळाले. हे स्वाभाविक आहे. पण त्या दिवशी थिएटरात बसलेल्या श्रोत्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो मुख्यतः दीनानाथांना ऐकायला आला होता. मुलीचे कौतुक त्याने केले असेल ते गुणी बापाची गुणी लेक म्हणून. मांडीवर झोपलेल्या त्या पोरीला न हलवता गात राहिलेला, कंपनी गमावलेला पण सूर न गमावलेला गायक, हे त्या मैफलीचे अर्धे सत्य आहे, आणि स्मृतीने ते अंधारात ठेवले आहे.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट तारखेची आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, निजामी राज्यातील नागरिकांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी, बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य परिषद भरली. तिच्या तारखा, ठराव, भाषणे शोधायला अडचण पडत नाही. सरकारी दप्तरांनी आणि संस्थांच्या अहवालांनी ती जपली. मैफलीला असे दप्तर नसते. ती भिंतीवरच्या जाहिरातीत, एखाद्या हस्तपत्रिकेत, वर्तमानपत्राच्या चार ओळींत जगते आणि आठवड्याभरात रद्दीत जाते. ९ सप्टेंबर ही तारीख खुद्द लताबाईंना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत एका परिचिताने दूरध्वनी करून कळवली, आणि त्यांनी ती मोठ्या आनंदाने जुन्या छायाचित्रासह लोकांना सांगितली. जिने ती मैफल गाजवली तिलाही तिचा दिवस दुसऱ्याकडून समजावा, इतके हे कागद दुबळे असतात.

सोलापूरचे ते भोंगे आता थांबले आहेत. चार भाषांच्या त्या कामगार वस्तीतील ज्यांनी तो खंबावती कानांनी ऐकला, त्यांची पिढीही गेली. उरले ते एक छायाचित्र, एक तारीख आणि गाणारीने सांगितलेल्या थोड्या आठवणी. ग्रंथालयाच्या कपाटात मोठे ग्रंथ असतातच. परंतु पिवळी पडलेली हस्तपत्रिका, नाटकाच्या खेळाची जाहिरात, स्थानिक साप्ताहिकाचा विस्कटलेला अंक यांनाही तेथे जागा मिळाली, तरच पुढच्या शतकाला कळेल की गावात कोण आले होते, काय गायिले होते, आणि त्या दिवशी लोक खरोखर कोणाला ऐकायला जमले होते.