अनुदानाचा हिशेब कधी मिटवायचा?

1842 साली ब्रिटिश सरकारने एका संशोधन प्रकल्पातून अधिकृतपणे अंग काढून घेतलं. चार्ल्स बॅबेज यांचं ‘डिफरन्स इंजिन’ म्हणजे गणिती कोष्टकं चुका न करता काढून छापणारं यंत्र. 1823 मध्ये दीड हजार पौंड देऊन सुरुवात झाली आणि खर्चाचा आकडा 17,000 पौंडांच्या पुढे गेला. 1831 साली स्टीफन्सनच्या कारखान्यात तयार झालेलं ‘जॉन बुल’ हे रेल्वेचं इंजिन 784 पौंडांना पडलं होतं, म्हणजे बॅबेज यांच्या यंत्राच्या पैशात अशी वीसहून अधिक इंजिनं आली असती. सरकारने खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचं मत मागवलं. त्यांनी यंत्र निरुपयोगी ठरवलं. पैसे पाण्यात गेले, असा निकाल लागला.

पण हा खर्च प्रत्यक्षात कुठे झाला होता? बराचसा जोसेफ क्लेमेंट नावाच्या कारागिराच्या कारखान्यात. हजारो भाग हवे होते, तेही एकसारखे, आणि तेवढा अचूकपणा देणारी अवजारं तेव्हा बाजारात नव्हती. क्लेमेंटने आधी अवजारं बनवली, मग भाग. 1833 मध्ये बॅबेजशी त्याचं फाटलं आणि काम थांबलं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे अवजारं कारागिराची, त्यामुळे ती क्लेमेंटकडेच राहिली. त्याच कारखान्यात काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ त्या वर्षी मँचेस्टरला गेला, स्वतःचा कारखाना काढला आणि 1841 मध्ये स्क्रूच्या आट्यांचं एकच प्रमाण असावं असा प्रस्ताव मांडला. तो आधी ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी उचलला आणि पुढे सगळ्या साम्राज्यात पसरला. आपल्याकडे जुन्या लेथवर काम केलेल्या माणसाला ‘बीएसडब्ल्यू’ ही अक्षरं पाठ असतात. त्यातला डब्ल्यू म्हणजे हाच व्हिटवर्थ.

तेव्हा आट्यांच्या प्रमाणीकरणातला किती वाटा बॅबेज यांच्या अनुदानाच्या खात्यावर टाकायचा? व्हिटवर्थ त्याआधी मॉडस्ले नावाच्या दुसऱ्या कारागिराच्या कारखान्यातही शिकला होता आणि त्याची स्वतःची बुद्धी होतीच. सगळं श्रेय अनुदानाला देणं थापेबाजी होईल, काहीच न देणं आंधळेपणा. ही श्रेयाची वाटणी हाच या विषयातला खरा तिढा आहे.

शंभर वर्षं हा तिढा सोडवायची कुणाला निकड वाटली नाही, कारण सरकारी पैसा त्या मानाने किरकोळ होता. दुसऱ्या महायुद्धाने ते चित्र पालटलं. 1945 मध्ये अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना अहवाल दिला. शास्त्रज्ञांना मोकळीक द्या, उपयोग आपोआप होतील, असा त्याचा सूर होता. 1950 मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झालं. संरक्षण खात्याचा संशोधनावरचा खर्च तर अब्जावधी डॉलरमध्ये गेला. मग हिशेब विचारणारे उभे राहणारच होते.

पहिला मोठा हिशेब संरक्षण खात्यानेच काढला. 1963 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचं नाव ‘हिंडसाइट’, मागे वळून पाहणं. पद्धत मोठी चिकाटीची होती. पोलारिस आणि मिनिटमन क्षेपणास्त्रं, मार्क 46 पाणतीर, सी-141 मालवाहू विमान अशा 20 शस्त्रप्रणाली निवडल्या. अभियंत्यांच्या आणि शास्त्रज्ञांच्या तुकड्यांनी एकेक प्रणाली उलगडत नेली: आधीच्या पिढीच्या शस्त्रापेक्षा हे कशात सरस आहे, ती सुधारणा कुणी केली, कधी केली, पैसा कुणाचा होता, आणि करणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा काय होतं. अशा निर्णायक टप्प्यांना त्यांनी ‘घटना’ म्हटलं. सुमारे 700 घटना सापडल्या. त्यातल्या 91 टक्के तंत्रज्ञानाच्या, 9 टक्के विज्ञानाच्या. आणि त्या 9 टक्क्यांतही कुठलीही गरज डोळ्यांसमोर न ठेवता केवळ कुतूहलातून झालेलं संशोधन होतं 0.3 टक्के, म्हणजे मोजून दोन-तीन घटना.

हिंडसाइटच्या शेर्विन आणि आयझेन्सन यांनी 1967 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे मांडलं तेव्हा विद्यापीठांच्या पोटात गोळा आला असणार. मूलभूत संशोधनावर पैसा कशाला उधळायचा, हा प्रश्न आता आकड्यानिशी विचारता येत होता.

उत्तर पुढच्याच वर्षी आलं. फाउंडेशनने शिकागोच्या आयआयटीच्या संशोधन संस्थेला (ही इलिनॉयची, पवईशी तिचा संबंध नाही) स्वतंत्र अभ्यास सोपवला. त्याचं नाव ‘ट्रेसेस’. या अभ्यासाने शस्त्रं घेतली नाहीत. चुंबकीय फेराइट, व्हिडिओ टेप रेकॉर्डर, गर्भनिरोधक गोळी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि रसायनशास्त्रातलं एक तंत्र अशा पाच नवकल्पना घेतल्या. एकूण 341 घटना मिळाल्या. त्यातल्या सुमारे 70 टक्के उपयोगाचा विचार न करता केलेल्या संशोधनाच्या निघाल्या.

एकीकडे अर्ध्या टक्क्याहून कमी, दुसरीकडे सत्तर टक्के! दोघांनीही लबाडी केली नव्हती. फरक होता तो किती मागे जायचं यात. हिंडसाइट साधारण 1945 पाशी थांबलं, जेमतेम वीस वर्षांवर. ट्रेसेस पन्नास वर्षं आणि त्याहूनही मागे गेलं. त्यात दिसलं, की निर्हेतुक संशोधनाचा जोर नवकल्पना बाजारात येण्याच्या वीस ते तीस वर्षं आधी सर्वाधिक असतो, आणि शेवटच्या दहा वर्षांच्या उंबरठ्यावर ते नव्वद टक्के संपलेलंही असतं. म्हणजे हिंडसाइटने घड्याळ नेमकं अशा जागी बंद केलं, की त्याआधीचं काम दिसूच नये. त्यांच्या अभियंत्यांनी वापरलेली पदार्थविज्ञानाची सूत्रं शाळा-कॉलेजच्या पुस्तकांतून आली होती. पुस्तकात गेलेलं संशोधन कुणाच्याच खात्यावर पडत नाही. शिवाय हेही नजरेआड करू नये, की संरक्षण खात्याच्या अभ्यासातून उद्देशपूर्ण संशोधनाची थोरवी निघाली आणि मूलभूत संशोधनाला पैसा देणाऱ्या फाउंडेशनच्या अभ्यासातून मूलभूत संशोधनाची. हिशेबनीस कुणी नेमला हे हिशेब वाचण्याआधी पाहावं.

दोन्ही अभ्यासांत एक खोट सारखीच होती. दोघांनीही यशस्वी वस्तू हातात घेऊन उलटा प्रवास केला. वाटेत मेलेली शेकडो अनुदानं त्या वाटेवर भेटणारच नव्हती. अर्थतज्ज्ञ झ्वी ग्रिलिकस यांनी 1958 मध्ये संकरित मक्याच्या संशोधनाचा परतावा वर्षाला सुमारे 700 टक्के काढला, तेव्हाच त्यांनी या धोक्याची कबुली दिली होती: तेल लागलेल्या एकाच विहिरीचा नफा मोजण्यासारखं हे आहे. पुढे त्यांचा आकडा सर्वत्र फिरला, इशारा मात्र फारसा कुणी सोबत नेला नाही. संसदेपुढे पैसा मागायला जाणाऱ्याला इशाऱ्याचा काय उपयोग?

अभियांत्रिकीच्या बाबतीत त्यातल्या त्यात प्रामाणिक काम मला 1990 च्या दशकातलं वाटतं. फाउंडेशनच्या अभियांत्रिकी विभागाने एसआरआय या संस्थेकडून इंटरनेट, एमआरआय, संगणकाधारित आरेखन, प्रकाशीय तंतू, मोबाइल फोन आणि प्लॅस्टिक साच्यात घालण्याचं एक तंत्र अशा सहा नवकल्पनांचा माग काढून घेतला. अपेक्षा अशी असावी की अमुक शोध आमच्या पैशाने लागला हे ठळकपणे निघेल. काही ठिकाणी तसं निघालंही. पण सहाही ठिकाणी सातत्याने दिसला तो वेगळाच वाटा: अनुदानावर पीएच.डी. केलेली माणसं. शोध बऱ्याचदा कंपनीत लागला होता, पण लावणारा विद्यार्थिदशेत सरकारी अनुदानावर घडला होता. क्लेमेंटच्या कारखान्याची गोष्ट दीडशे वर्षांनी अहवालात आली म्हणायची.

ब्रिटनने यावर कळस चढवला. 2014 च्या मूल्यमापनात विद्यापीठांना संशोधनाचा समाजावरचा परिणाम दाखवणाऱ्या कहाण्या लिहायला लावल्या आणि त्यांना वीस टक्के गुण ठेवले. 6,975 कहाण्या आल्या. मूळ संशोधन 1993 इतकं जुनं असलं तरी चालेल अशी मुभा होती, म्हणजे निदान वीस वर्षांची सवड मान्य झाली. पण प्रत्येक कहाणी यशाची, आणि लिहिणारा स्वतःच्याच खात्याचा. काही विद्यापीठांत तर अशा कहाण्या लिहून देणारे लोक नेमले गेले.

भारतात संशोधकाला जो कागद सर्वांत ओळखीचा, तो म्हणजे ‘यूसी’, युटिलायझेशन सर्टिफिकेट. नमुना जीएफआर 12-ए. किती आले, किती खर्च झाले, किती शिल्लक, व्याज किती परत केलं. तो नाही दिला तर पुढचा हप्ता अडकतो, त्यामुळे प्रयोग राहिला तरी चालेल पण मार्चअखेर यूसी जायलाच हवी. पैशाची अफरातफर रोखायला तो कागद हवाच, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण प्रकल्प साधारण तीन वर्षांचा, त्यानंतर अंतिम अहवाल, त्यात प्रसिद्ध झालेले निबंध आणि पेटंट यांची यादी, आणि फाइल बंद. 1974 चं ‘सर्क’, त्यानंतरचं ‘सर्ब’, आता 2023 च्या कायद्याने आलेलं अनुसंधान प्रतिष्ठान, अनुदान देणाऱ्या संस्थांच्या पाट्या बदलल्या. पण एखाद्या प्रकल्पावर जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलो, म्हणून काम केलेला मुलगा दहा वर्षांनी कुठे आहे, याला यूसीत रकाना नाही.

असा रकाना असता तर त्यात काय लिहावं लागलं असतं, याचा एक नमुना तुमच्या समोर आहे. 1970 च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकावर आणण्याचं काम सुरू झालं. त्यातून निघालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याच्या आधाराने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली ठरली, 1991 मध्ये ती भारतीय मानक झाली, आणि तिच्या 1988 च्या आवृत्तीवरून युनिकोडने देवनागरीचा तक्ता उचलला. आज फोनवर मराठीत टाइप होणारं प्रत्येक अक्षर त्या तक्त्यातल्या क्रमांकाने साठवलं जातं. त्यातले तोटेही त्याच खात्यावर मांडायला हवेत: ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दाखवायला मराठीला दक्षिणी लिप्यांच्या सोयीसाठी ठेवलेला नुक्त्याचा ‘ऱ’ उसना घ्यावा लागला, आणि कित्येक कीबोर्डांवर तो कुठे दडलाय हे अजूनही शोधावं लागतं.