हत्तीरोगाची रक्त तपासणी रात्रीच का? जाणून घ्या सविस्तर

सोलापूर : रात्री साडेआठनंतर आरोग्य कर्मचारी दारात येतात आणि बोटातून रक्त मागतात. "दिवसा का येत नाहीत?" असं म्हणत अनेकजण दार लावून घेतात. पण या वेळेमागे शास्त्रीय कारण आहे. सोलापूर हा राज्यातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांपैकी एक असल्याने प्रत्येकाने ते समजून घेणं गरजेचं आहे.

रात्रीच का?
हत्तीरोगाचे जंतू घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामार्फत पसरतात. मोठे जंतू लसिका वाहिन्यांत राहतात, तर त्यांची सूक्ष्म पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात फिरतात. दिवसा ती फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांत असतात. रात्री, विशेषतः १० ते २ या वेळेत, ती अंगभर येतात, कारण हा डासही रात्रीच चावतो. त्यामुळे दिवसा घेतलेल्या रक्तात जंतू सहसा सापडत नाहीत.

तपासणी कशी होते?
बोटाला सुई टोचून सुमारे २० घन मिलिमीटर रक्त, म्हणजे थेंबभरच, काचपट्टीवर घेतात. ते वाळल्यावर पट्टी पाण्यात बुडवून रक्ताची लाली काढतात, मग रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. या जंतूभोवती पातळ आवरण असतं आणि शेपटीच्या टोकाला केंद्रकं नसतात. यावरून तो ओळखला जातो.

दिवसा करता येणाऱ्या तपासण्या
एफटीएस पट्टी : मोठ्या जंतूंनी रक्तात सोडलेला घटक यात पकडला जातो. बोटातलं रक्त पुरतं, १० मिनिटांत निकाल मिळतो.
डीईसी चाचणी : डॉक्टरांच्या देखरेखीत डीईसी गोळी दिल्यावर जंतू दिवसाही रक्तात येतात. मग साधारण अर्ध्या ते एक तासात नमुना घेतात.
सोनोग्राफी : अंडकोषाजवळच्या वाहिन्यांत जिवंत जंतूंची वळवळ दिसू शकते.

हेही लक्षात ठेवा
पाय सुजलेल्या जुन्या रुग्णाच्या रक्तात बऱ्याचदा जंतू सापडत नाहीत. उलट ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात ते असू शकतात. त्याला काहीच त्रास नसतो, पण त्याच्यापासून डासामार्फत घरच्यांना लागण होते. म्हणून "मला काय झालंय?" असं म्हणून तपासणी टाळू नका.

जंतू आढळल्यास सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. डीईसी गोळ्या साधारणपणे १२ दिवस, वजनानुसार आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या लागतात. वेळीच औषध घेतलं तर जंतू मरतात. पण एकदा पाय हत्तीसारखा झाला की तो पूर्ववत होणं अवघड असतं.

रात्री पथक आलं तर दार उघडा. शंका असेल तर आशाताईंना किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.