आत्म्याचा पत्ता

मे 1643 मध्ये हेग शहरात निर्वासित म्हणून राहणाऱ्या एलिझाबेथ नावाच्या राजकन्येने तत्त्वज्ञ रने देकार्त यांना एक पत्र लिहिले. देकार्त यांचे म्हणणे होते की शरीर जागा व्यापते, आत्मा विचार करतो पण जागा व्यापत नाही. दोन्ही तत्त्वे अगदी निराळी. चोवीस वर्षांच्या एलिझाबेथने विचारले, एखादी वस्तू ढकलायची तर स्पर्श हवा. ज्याला आकारच नाही, तो आत्मा हात कसा उचलतो? पुढच्या महिन्यात तिने आणखी दुखऱ्या जागी बोट ठेवले. चांगला विचार करणारा माणूस शरीरातल्या वाफांमुळे (आजाराविषयी तेव्हा असेच बोलत) सारासार विचार गमावून बसतो. आत्मा शरीरावाचून राहू शकतो, तर त्याची अशी अवस्था का व्हावी?

आमच्या मते देकार्त यांना या प्रश्नाचे उत्तर कधीच नीट देता आले नाही. मेंदूच्या मध्यभागी वाटाण्याहून लहान अशी पिनियल ग्रंथी असते. मेंदूचे बाकीचे भाग जोडीने, ही एकटी. म्हणून त्यांनी तिलाच आत्म्याचे आसन ठरवले. ही ग्रंथी इकडेतिकडे कलते आणि त्यातून शरीर हलते, असे त्यांनी मांडले.

देकार्त यांच्या मृत्यूनंतर, 1665 साली, पॅरिसमधील एका विद्वानाच्या घरी निकोलस स्टेनो हा सत्तावीस वर्षांचा डॅनिश शरीरशास्त्रज्ञ मेंदूवर बोलायला उभा राहिला. मोठे काही ऐकायला मिळेल म्हणून मंडळी जमली होती. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकले की मेंदूविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही. मग त्याने ग्रंथीचे वर्णन केले. ती आजूबाजूच्या भागांना घट्ट जोडलेली आहे, देकार्त म्हणतात तशी कलूच शकत नाही. तिच्याभोवती धमन्या आहेत असे ते सांगत. तिथे शिरा आहेत. देकार्त यांचा त्याने अपमान केला नाही. माणसाची सगळी कामे करील असे यंत्र त्यांनी कल्पिले, आपल्यासमोरचा माणूस मात्र तसा नाही, एवढेच म्हणाला. मेंदूतील तंतू कुठून कुठे जातात ते धीराने शोधावे, हा त्याचा सल्ला. आजचे शास्त्रज्ञ स्कॅनच्या मदतीने तेच करत आहेत. तंतू पुष्कळसे दिसू लागले. पण त्यांच्या हालचालीतून ‘मला दुखते’ ही जाणीव कशी उमटते, यावर वाद चालूच आहे.

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली मोठी मुले विचारतात, मन म्हणजे मेंदूच, तर आत्मा कुठे? आजाऱ्यांकडे कम्युनियन घेऊन जातो तेव्हा हाच प्रश्न दबक्या आवाजात येतो. जन्मभर रोझरी न चुकवलेली आई आता लेकीला ओळखत नाही, मग आत आहे तरी कोण? आत्मा मेंदूच्या कोपऱ्यातला भाडेकरू मानला, तर या लेकीला काय सांगणार? घर पडले, भाडेकरू गेला, असेच ना! ख्रिस्तसभेने असे कधी शिकवले नाही. 1312 साली व्हिएन धर्मपरिषदेने सांगितले की विवेकी आत्मा हाच मानवी शरीराचे रूप आहे. म्हणजे ज्याच्यामुळे हे शरीर जिवंत माणसाचे शरीर असते, तो आत्मा. उत्पत्तीच्या पुस्तकातही देव मातीच्या माणसात श्वास फुंकतो आणि तो अख्खा माणूस जिवंत होतो. आठवण करून देणारा अवयव आजारी पडला तरी समोरची आई तीच असते, पूर्ण असते. म्हणून आम्ही ‘देहाचे पुनरुत्थान’ म्हणतो, नुसती आत्म्याची सुटका म्हणत नाही.

स्टेनो लुथरन घरात वाढले. 1666 मध्ये इटलीतील लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहून ते अस्वस्थ झाले आणि पुढच्या वर्षी कॅथलिक झाले. 1675 मध्ये धर्मगुरू, 1677 मध्ये बिशप. गरिबांना मदत करण्यासाठी त्यांनी आपली बिशपची अंगठीसुद्धा विकली. 1686 साली ते वारले, तेव्हा वय अठ्ठेचाळीस. 1988 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. डॉक्टर होऊ पाहणारी आपली मुले गालातल्या लाळनलिकेला असलेले त्यांचे नाव आजही पाठ करतात. ते बिशप होते, हे मात्र त्यांना बहुधा कुणी सांगत नाही.