युजरक्रोम.सीएसएस

युजरक्रोम.सीएसएस ही मोझिला थंडरबर्ड या मुक्तस्रोत ईमेल प्रणालीचे दृश्य स्वरूप वापरकर्त्याच्या इच्छेनुसार बदलणारी शैली-फाइल होय. प्रोफाइल फोल्डरमध्ये ‘क्रोम’ नावाचे उपफोल्डर तयार करून ती त्यात ठेवतात. तिच्यातील नियम साधनपट्टी, फोल्डरांची यादी व पत्रसूची यांना लागू होतात. पत्रातील मजकुरासाठी युजरकंटेंट.सीएसएस ही वेगळी फाइल असते.

देवनागरीत वेलांट्या शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराच्या खाली येतात. सूचीतील ओळ अरुंद असल्यास उकार कापले जाऊन ‘सुत’ व ‘सूत’ यांतील भेद दिसेनासा होतो. ओळीची उंची वाढवणारा नियम अशा वेळी उपयोगी पडतो.

अलीकडील आवृत्त्यांत प्रगत सेटिंगमधून या फाइलींना परवानगी द्यावी लागते. प्रणाली पुन्हा सुरू केल्यावर बदल दिसतात. २०२३ मधील ११५व्या आवृत्तीत अंतर्गत रचना बदलल्याने अनेक जुने नियम निरुपयोगी ठरले.