वस्तऱ्यापासून लेसरपर्यंत

इतिहास म्हटला की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. पण माणसाच्या रोजच्या व्यवहारालाही इतिहास असतो. दाढीचेच पाहा ना! ‘क्षुर’ म्हणजे वस्तरा हा शब्द थेट ऋग्वेदात सापडतो, आणि आपला ‘क्षौर’ हा शब्द त्यावरूनच आलेला आहे. मुलाच्या जावळापासून नाशिकच्या रामकुंडावरील क्षौरापर्यंत केस उतरवण्याला आपल्याकडे संस्काराचे स्थान आहे. आता आपल्या सिन्नरसारख्या गावातला तरुणही विचारतो, “लेसरने केस कायमचे जातात म्हणे, खरं का?” या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या वाटेनेच शोधू या.

जुन्या गावगाड्यात नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. काखेत धोकटी, तीत वस्तरा, कात्री, नराणी, वाटी आणि आरसा. कामाचा मोबदला सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. संत सेना महाराज याच व्यवसायातले. पुढे १९०३ साली अमेरिकेत जिलेट यांच्या कंपनीने पात्याचे सुरक्षित रेझर विकायला काढले आणि माणूस हळूहळू स्वतःची दाढी स्वतः करू लागला. पण वस्तरा काय किंवा पाते काय, दोन्ही केस कातडीच्या वरच कापतात. मूळ आत तसेच राहते. म्हणून दुसऱ्या दिवशी खुंट हाताला लागतात. केस राठ आणि वळणदार असेल तर तो उलटा कातडीत शिरतो, आणि मानेवर, हनुवटीखाली पुटकुळ्या उठतात. हा त्रास पुष्कळ पुरुषांना होतो.

वस्तऱ्याच्या या इतिहासात एक प्रसंग आपण अभिमानाने सांगावा असा आहे. विधवांचे केशवपन करण्याची दुष्ट रूढी त्या काळी होती. १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बंधूंनी ठरवले की, या कामाला आम्ही वस्तरा लावणार नाही. ज्याच्या हाती हत्यार, त्याने ‘नाही’ म्हणण्याचा हा धडा होता. तो ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

केसाच्या मुळापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न पाश्चात्य देशांत झाला. १८७५ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसाच्या मुळाशी विजेची सुई घालून तो नष्ट करण्याची रीत प्रसिद्ध केली. रीत खरी, पण एका वेळी एकच केस! मग १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नाच्या डॉ. फ्रॉइंड यांनी ते केस घालवण्यासाठी वापरून पाहिले. केस गळले, आणि लोक हुरळले. १९२०च्या दशकात अमेरिकेत सौंदर्यगृहांतून हे यंत्र सर्रास चालू लागले. काही वर्षांनी त्याच कातडीवर न भरणाऱ्या जखमा झाल्या, कित्येकांना कर्करोग जडला. ‘कायमचे’ या शब्दाची किंमत त्यांनी शरीराने मोजली.

लेसर हा क्ष-किरण नव्हे. तो एकाच रंगाचा प्रखर प्रकाश. १९६० साली थिओडोर मैमन यांनी पहिला लेसर चालवला. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या शास्त्रज्ञांनी त्याचा नेमका उपयोग कसा करावा याचे तत्त्व मांडले. हे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हात ठेवलेली काळी घोंगडी पांढऱ्या धोतरापेक्षा लवकर तापते, तसा काळा केस हा प्रकाश शोषून तापतो आणि उष्णता मुळाला इजा करते. १९९५ साली अमेरिकेत केसांसाठी लेसरला प्रथम सरकारी परवानगी मिळाली. पुढे कंपन्यांना ‘केसांत कायमची घट’ असे म्हणण्याची मुभा मिळाली. ‘कायमचे निर्मूलन’ असे म्हणण्याची मात्र नाही. या दोन शब्दांतला फरक नीट समजून घ्यावा.

आता आपल्याकडची अडचण पाहा. आपली कातडीही सावळी. प्रकाशाला केसाचा काळेपणा आणि कातडीचा काळेपणा वेगळा ओळखता येत नाही. चुकीचे यंत्र लावले तर कातडी भाजते, डाग पडतात. म्हणून सावळ्या वर्णाला १०६४ नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा लेसर अधिक सुरक्षित मानतात. तो खोल जातो आणि वरच्या कातडीत कमी शोषला जातो.

मग अपेक्षा काय ठेवावी? सगळे केस एकदम वाढत नाहीत. जे त्या वेळी वाढीला लागलेले असतात त्यांच्यावरच लेसर नीट चालतो. म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ खेपा, पुरुषाच्या दाट दाढीला कधी त्याहूनही अधिक, आणि पुढेही अधूनमधून एखादी. दर वेळी रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो, थोडी लाली येते, आणि एक ते तीन आठवड्यांत केस गळतात. पांढऱ्या केसावर उपयोग नाही, कारण तिथे घोंगडीच पांढरी! आधी केस उपटू नयेत, वस्तरा फिरवलेला चालतो. वावी-पांढुर्लीच्या रानात दिवसभर उन्हात राबणाऱ्याने आधी आणि नंतर काही आठवडे ऊन टाळले पाहिजे. ते जमत नसेल तर हा खर्च करू नये. डोळ्यांना चष्मा हवाच. आणि एकदा विरळ झालेली दाढी हवी तेव्हा पुन्हा दाट होत नाही, हेही विसरू नये.

शिक्षकबंधूंनो, मुलांना इतकेच सांगा: त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, यंत्र कोणते ते विचारा, आधी लहानशा जागेवर चाचणी करून घ्या. जो पहिल्याच भेटीत ‘कायमचे जातील’ असे सांगून पैसे मागतो त्याला रामराम करा. “तुमच्या कातडीला हे मानवणार नाही” असे तोंडावर सांगणाराच भरवशाचा. १८९० सालच्या त्या नाभिकांचा वारसा त्याच्याकडे आहे.