खांदेरीचा खडक

होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की मोजदाद सुरू होते ती युद्धनौकांची. हा हिशेब किती तोकडा पडतो, ते १६७९ साली मुंबई बंदराच्या तोंडावर दिसलं. पावसाळा सरता सरता शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीच्या माणसांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदीचं काम काढलं आणि इंग्रज हादरले, कारण दक्षिणेकडून मुंबईत शिरणारं जहाज आता मराठ्यांच्या नजरेखालून जाणार होतं. सप्टेंबरात त्यांनी नाकेबंदी केली. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की ती जागच्या जागी डुलत राहत, आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या अंधारातून रसद घेऊन बेट गाठत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाज पकडलं, पण ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे त्याला माघारही घ्यावी लागली. ती लढाई खुशाल इंग्रजांच्या नावावर मांडा. बेटावरचं बांधकाम मात्र थांबलं नाही.

यावर आक्षेप ठरलेला: जानेवारी १६८० मध्ये मराठ्यांचा वैरी, जंजिऱ्याचा सिद्दी कासम याने शेजारच्या उंदेरीवर तोफा चढवल्या, मग मराठ्यांनी कमावलं काय? आक्षेप वजनदार आहे. त्याच वर्षी संभाजीराजांनी उंदेरीवर केलेला हल्लाही फसला. पण खर्चाला कंटाळलेल्या इंग्रजांनी तोवर अंग काढून घेतलं होतं. मुंबईचं धान्य आणि जळाऊ लाकूड यायचं मराठ्यांच्या ताब्यातल्या समोरच्या किनाऱ्यावरून. सिद्दीसाठी ती वाट कायमची तोडून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. शेवटी त्यांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. १७१८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर बून यांच्या आरमाराने कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर हल्ला केला, तोही वाया गेला. अरुंद जलमार्गावर वजन पडतं ते तिथे ठाण मांडून, रसद चालू ठेवून टिकणाऱ्याचं.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी वाचकाला हा सगळा कोकणचा मामला वाटेल. पण छत्तीसगडवर राज्य केलेल्या नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ पासून कटकही होतं. बंगाल आणि मद्रास यांच्यामधली इंग्रजांची खुश्कीची वाट त्यांच्या मुठीत होती. समोरचा समुद्र मात्र त्यांनी मोकळाच सोडला. ओडिशाच्या सपाट, वाळूच्या किनाऱ्याला खांदेरीचा न्याय लावू नये, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण बालेश्वरचं बंदर तर होतं. १८०३ मध्ये गंजामकडून इंग्रजांची फौज जमिनीवरून चालून आली, तेव्हा त्यांची दुसरी तुकडी समुद्रमार्गे त्याच बालेश्वरला उतरली. डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक गेलं.