आजीचं तिकीट आणि राखून ठेवलेली सीट

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत भिंतीवर सयाजीराव महाराजांचा फोटो आणि कपाटात परदेशातून आलेल्या पत्रांचा गठ्ठा, ही जोडी ठरलेली. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी त्या गठ्ठ्यात आजीचं १९७९ सालचं विमानाचं तिकीटही आहे. तेव्हा तिकीट म्हणजे पातळ कागदांची छोटी पुस्तिका असायची, आणि प्रत्येक टप्प्याला त्यातलं एक पान फाडून घ्यायचे. आजीच्या तिकिटाची परतीची पानं मात्र अजून तशीच आहेत. ती का राहिली, हे नीट समजायला मला बरंच वाचावं लागलं.

आधी परदेश म्हणजे बोट. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला गेले तेही समुद्रमार्गेच. मग ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. प्रवासी किती? ३५. आणि ही सेवा आठवड्यातून एकदा! म्हणजे आमच्यासारख्या कारकुनी घरांचा प्रश्नच नव्हता.

१९६० साली बोइंग ७०७ जेट आलं. त्यात दीडशेच्या आसपास खुर्च्या. पण नुसत्या खुर्च्या मोजून भागत नाही. जेटचा वेग जास्त, म्हणून तेच विमान आठवड्यात जास्त फेऱ्या मारायचं. खुर्च्या गुणिले फेऱ्या, असा हा हिशोब. त्याच वर्षी एअर इंडियाची विमानं लंडनवरून थेट न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली.

आमचे काका १९६९ साली असेच ७०७ मधून गेले. कलाभवनातून इंजिनिअर झालेले, खिशात सरकारी नियमाप्रमाणे आठ डॉलर. सोडायला घरची चौदा माणसं गुजरात मेलनं मुंबईला गेली होती. एकट्या काकांचं तिकीट आण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या, वर्षभराच्या पगाराहून जास्त. आजी म्हणाली होती, “आता हा परत येईल तेव्हाच दिसायचा.”

लांबच्या मार्गावर कुठलं विमान पाठवायचं, हे कंपनी कसं ठरवते? उड्डाणाच्या वेळी विमानाचं एकूण वजन किती असावं याला मर्यादा असते. अंतर जितकं लांब तितकं इंधन जास्त, आणि इंधन वाढलं की माणसं आणि माल कमी करावा लागतो. म्हणून तेव्हाची विमानं वाटेत थांबत थांबत जायची. शिवाय धावपट्टी किती लांब, पोटात माल किती मिळेल, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक किती, हे सगळं बघायचं. मोठं विमान जिथं भरेल तिथं, लहान विमान कमी गर्दीच्या मार्गावर.

१९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘एम्परर अशोका’, आलं. खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांची नक्षी. लोकांनी नक्षीचं कौतुक केलं, पण हिशोबनीसांना काळजी खुर्च्यांची. आता एका फेरीत साडेतीनशेच्या घरात माणसं हवीत. आणायची कुठून? जगभर हीच पंचाईत होती. त्यात १९७३ साली तेलाचे भाव भडकले.

मंडईतली भाजी संध्याकाळी निम्म्या भावात तरी जाते. विमान उडालं की रिकाम्या खुर्चीचा भाव शून्य. मग कंपन्यांनी एकाच विमानात दोन भाव लावले. जो बरेच दिवस आधी पैसे भरेल आणि येण्याजाण्याच्या तारखा बदलणार नाही, त्याला स्वस्त. जो आयत्या वेळी येईल त्याला पूर्ण भाडं.

पण सगळ्याच खुर्च्या स्वस्तात विकल्या, तर आयत्या वेळच्या गिऱ्हाइकाला काय देणार? ब्रिटिश कंपनी बीओएसीमधल्या केन लिटलवुड यांनी १९७२ साली त्याचा साधा नियम मांडला. समजा पूर्ण भाडं १०० आणि स्वस्त भाडं ४०. एखादी खुर्ची पुढे पूर्ण भाड्यानं जाण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेल, तर ती आज स्वस्तात विकू नका, राखून ठेवा. आज कॉम्प्युटर दिवसभर भाव बदलत बसतो, त्याच्या मुळाशी हाच हिशोब आहे.

आता आजीकडे येते. १९७९ च्या मे महिन्यात काकांनी तिला असंच स्वस्त तिकीट पाठवलं. जंबोच्या खुर्च्या भरायच्या होत्या म्हणून दांडिया बाजारातली एक नऊवारीतली बाई दहा वर्षांनी मुलाला भेटली, पहिल्यांदा नातवाला मांडीवर घेऊन बसली. परत यायची तारीख ऑगस्ट अखेरची.

जुलैत आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. इकडून तार गेली. काका विमान कंपनीच्या ऑफिसात धावले. उत्तर मिळालं: या तिकिटाची तारीख बदलत नाही आणि स्वस्त सीट तर एकही शिल्लक नाही. पूर्ण भाड्याची मात्र परवाचीच आहे. काका चिडले, “विमान भरलंय म्हणता आणि परवाची सीट देता?” त्या माणसानं काही सांगितलं नाही. काकांनी मित्रांकडून उसने घेऊन नवीन तिकीट काढलं. ते कर्ज पुढे दीड वर्ष फिटत होतं.

आजी चौथ्या दिवशी बडोद्याला पोचली. आण्णांनी तिला ओळखलं, हात धरला. ते त्यानंतर नऊ दिवस होते.

काका कित्येक वर्षं म्हणायचे, “लुबाडलं मला.” आजी म्हणायची, “देवानं माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती.” लिटलवुडचा नियम वाचल्यावर मला वाटलं, दोघंही खरं बोलत होते. खुर्ची खरंच राखून ठेवलेली होती. फक्त हिशोबात ती कुठल्याशा घाईतल्या व्यापाऱ्यासाठी होती. धंद्यासाठी धावणारा आणि मरणासाठी धावणारी, यांच्यात त्या गणिताला फरक करता येत नाही.

ती न फाडलेली पानं म्हणूनच जपून ठेवली आहेत. तुमच्याही घरात अशी तिकिटं असतील. इंदूरकर, हैदराबादकर, गोंयकार, बेळगावकर, तुमचं माणूस पहिल्यांदा कधी आणि कसं गेलं, आणि परत यायला सीट मिळाली का, ते जरूर लिहा.